मास्तरांशीच वाकडं

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. शिकायला गेले तेव्हाही शाळेनेच त्यांच्यापुढे हात टेकले होते. त्यांची मास्तरकी ब्रशाची. चाळीस वर्षं निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल आणि केसाएवढा ब्रश चालवून त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग, पुटकुळ्या आणि नको तिथल्या सुरकुत्या घालवल्या. निम्म्या गल्लीची लग्नं आपल्या ब्रशामुळे जमली, असं ते सांगत. त्यातली सुखाची किती, असं कोणी विचारलं तर मात्र त्यांना ऐकू येत नसे.

आता स्टुडिओ त्यांची लेक चालवत होती. निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आला, आणि मास्तर माउसने एकेक मेनू उघडत पासपोर्टच्या एका फोटोला पाऊण तास लावू लागले. गिऱ्हाइकं बाकावर बसून कंटाळायची आणि शेवटी समोरच्या स्टुडिओत जायची. एका सोमवारी लेकीने आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाबा, शनिवारपर्यंत कीबोर्डचे शॉर्टकट शिका. तासाभरात दहा फोटो झाले पाहिजेत. नाही जमलं, तर पुढच्या सोमवारी अकराला एक ऑपरेटर येतोय. तुमच्या खुर्चीवर तो बसेल, तुम्ही काउंटरवर पाकिटं द्या."

पाकिटं! "शनिवार कशाला, बुधवारीच करून दाखवतो," मास्तर म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शिकण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक आणलं, वहीत तक्ता उतरवला, आंघोळ करतानासुद्धा घोकलं. बी म्हणजे ब्रश. जे म्हणजे डाग पुसायचं हत्यार. डब्ल्यू म्हणजे मागची बाजू निवडायचं हत्यार. झेड म्हणजे भिंग. तोंडी परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण कीबोर्डपुढे बसले की सगळं भलतंच. बी दाबलं की ब्रश येण्याऐवजी रंग बदलायची चौकट उघडायची. जे दाबलं की डाग तसाच राहून फोटोवर त्याच फोटोची आणखी एक प्रत चढायची. डब्ल्यू दाबलं की फोटोच बंद करायला निघायचा. आणि झेडने तर कहर केला होता. भिंग हवं म्हणून दाबावं, तर महत्प्रयासाने पुसलेली पुटकुळी पुन्हा गालावर हजर!

पुस्तकात 'शॉर्टकट चालत नसतील तर' असं एक पान होतं. मास्तरांनी ते अक्षर न् अक्षर पाळलं. प्रोग्राम बंद करून चालू केला. कॅप्स लॉक तपासलं. कीबोर्डची भाषा इंग्रजी आहे ना, ते पाहिलं. सगळे शॉर्टकट मूळपदावर आणले. पालथ्या घड्यावर पाणी. लेकीला विचारलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण जिला आपण पेन्सिल धरायला शिकवलं तिला कसं विचारायचं? मोडेन पण वाकणार नाही, हा त्यांचा बाणा. त्यापायी आजवर बरंच काही मोडलं होतं.

बुधवारी लेक बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उभ्या उभ्या एका बोटाने बी दाबलं, ब्रश आला. जे, डब्ल्यू, झेड, सगळी हत्यारं हाकेसरशी हजर.

"काका, ठणठणीत आहे की."

"तुझ्यासमोर सोंग करतोय. नवा दे."

नवा कीबोर्ड बसवला. दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली तो गुणी, मास्तरांच्या हाताखाली तसाच द्वाड. "नाचता येईना..." दुरुस्तीवाला जाता जाता पुटपुटला आणि मास्तरांचे पांढरे केस पाहून त्याने पुढचं गिळलं. मास्तरांना ते न बोललेलंच जास्त लागलं. आपली बुद्धीच आता पिकली की काय, या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटली.

शनिवारी लेकीने दहा फोटो उघडून दिले आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली तरी पहिल्याच फोटोतला माणूस डागासकट तसाच होता. ती मागे येऊन उभी राहिली. पडद्याकडे न पाहता ती त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत राहिली.

"बाबा, करंगळी कुठे आहे तुमची?"

करंगळी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात घट्ट रोवलेली होती. काचेवर निगेटिव्हचा कोपरा दाबून धरायला चाळीस वर्षं ती तिथेच असायची. 'आधी करंगळी टेक, मग पेन्सिल उचल,' हे लेकीलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"त्या कोपऱ्यात कंट्रोलची की आहे. ती दाबलेली असली की प्रत्येक अक्षराचा हुकूम बदलतो. एवढंच आहे. उचला करंगळी."

एवढंच! बुद्धी शाबूत होती, दोष एका बोटाचा होता. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी करंगळी उचलली नाही.

"राहू दे, सवय आहे," ते म्हणाले.

"अहो, उचला ना!" म्हणत तिने त्यांचं मनगट धरून वर केलं. बी दाबलं. ब्रश आला. पण पडद्याकडे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. आधार सुटलेला तो हात कीबोर्डवर अधांतरी थरथरत होता, थांबतच नव्हता.

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. करंगळी टेकली की थांबतं."

लेकीला रडू आलं आणि रागही आला; राग आधी बाहेर पडला. "आणि मला सांगितलं नाहीत!"

"तू खुर्ची काढून घेतली असतीस."

खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिने कंट्रोलची की उचकटली, फोटोंच्या कातरणांच्या घड्या घालून खाली कोंबल्या आणि की पुन्हा बसवली. आता ती ढिम्म हलत नव्हती.

"टेका आता. लागलाच तर उजवीकडे आणखी एक कंट्रोल आहे."

मास्तरांनी करंगळी टेकली. दहा फोटो बावन्न मिनिटांत झाले. त्यातल्या एका गृहस्थाचा जन्मजात तीळ जोशात पुसला गेला, पण लेकीने तो मुकाट्याने परत आणला.

मास्तर खुर्चीत रेलून बसले. "मग? त्या ऑपरेटरचं काय?"

"नको म्हणून कळवलं मघाशीच."

मास्तरांची छाती फुगली.

"सोमवारी अकराला आपण डॉक्टरकडे जातोय," लेक म्हणाली. "वेळ घेतलीय."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं, मग दाराजवळच्या काउंटरकडे पाहिलं.

"त्यापेक्षा त्या ऑपरेटरला येऊ दे गं," ते हळूच म्हणाले. "मी देतो पाकिटं."