तिसरीचे फटके

“वर नको देखू, बेबा. बॉल कोठे जास ते मी देखसू. तू खालेच देख.”

आबांचा हा आवाज बेबाबाईच्या कानात अजून दवानं भिजलेलाच आहे. महूच्या छावणीतलं गोल्फचं मैदान, उजाडायच्या आधीची निळी वेळ, आणि गवत कापायचं यंत्र थांबवून उभे राहिलेले तिचे वडील, माळी आबा. तिच्या हातात कर्नलच्या मेमसाबनं दिलेली जुनी लोखंडी स्टिक. आबांनी ती करवतीनं कापून तिच्या उंचीची केलेली, धरायच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. ती मान खाली घालून स्टिक फिरवायची. टक् असं वाजायचं, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. जणू बॉल खाली यायचं विसरून वरच कुठं राहिला, एखाद्या पाखराशी बोलत.

“बेबा! बठी बठी झोपी गई का?”

मोठमायच्या हाकेनं ती सोनगीरच्या ओसरीवर परत आली. मोठमाय म्हणजे तानुबाई, आबांची थोरली भावजय. बेबाची आई गेल्यापासून घरातले देवधर्म तिच्याच शब्दानं चालत. श्रावणातला शनिवार होता. उद्या घरात कानबाई देवी बसणार, म्हणून आज तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मूठ भरायची ती घरच्या कर्त्यानं. त्या गव्हाचं पीठ घरच्याच जात्यावर दळायचं, आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेक त्या दिवसापुरती परकीच. तिची कानबाई सासरची.

तानुबाई गहू निवडता निवडता गुणगुणत होती.

पहिली मूठ बापनी, दुसरी मूठ भाऊनी,
लेक वारानं पाखरू, तिनी मूठ वारावर.

बेबाबाई धुळ्यात देवपूरच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. लेझीम, लंगडी, खोखो. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं, अमळनेरला. म्हणजे या घरचा हा तिचा शेवटचा रोट. लहानपणापासून ती रोट खात आली होती, पण खाणाऱ्यांत होती, मोजलेल्यांत कधी नव्हती. आज धुळ्याहून येताना एसटीत तिनं एक वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवलं होतं. ते आता ओठांवर आलं.

“मोठमाय, यंदा मन्ही एक मूठ टाकशात का?”

तानुबाईचा हात सुपात थांबला. मग ती हसली. “आय वो! आंडेरनी मूठ? लेकनी? आते नवरदेवनी सांगं का तुले?”

“नही वो. मालेच वाटनं.”

“वाटाले काय, माले बी वाटस मी हत्तीवर बठू. आंडेरनी मूठ नही ऱ्हास रोटमां. बापजादाथीन नही.”

आबा, म्हणजे लोटन माळी, भिंतीला टेकून बसले होते. ते कमीच बोलायचे. आयुष्यभर त्यांनी गवताशी गाठ घातली, आणि गवताला फार सांगावं लागत नाही. बोलला तो चिंधा, बेबाचा थोरला भाऊ. दारातून आत येता येताच तो म्हणाला, “काबरं नही? मलायामां तिना फटका धरात देशनी. आपले एक मूठ धराले काय जास?”

चिंधाची ही जुनीच ढाल. मलायानंतर बेबा सोनगीरला राहायला आली त्या वर्षी गावातल्या झुलालनानांनी पारावर विचारलं होतं, “गोल्फ म्हंजे काय रे भो?” चिंधानं समजावलं, “लांबथीन बॉल मारना, आनि खड्डामां टाकना.” त्यावर नाना म्हणाले, “मंग इमानमां बठीसन कसाले गई? आपला गावमां खड्डा कमी शेत का?” पार हसला, बेबाही हसली. पण चिंधाचं तोंड लाल झालं. “हसा, हसा! देशना खातामां जमा शेत मन्ही बहीनना फटका!” तेव्हापासून ते वाक्य गावात फिरत राहिलं. शाळेत नोकरी लागली ती त्या वाक्यावर, अमळनेरचं स्थळ आलं तेही त्याच वाक्यावर. बेबानं ते कधी खोडलं नव्हतं. उच्चारलंही नव्हतं.

मलाया तिला स्वप्नासारखं आठवायचं. आशियातल्या देशांच्या मुलींची स्पर्धा. मेमसाबच तिला संघाबरोबर घेऊन गेली होती. सकाळी धुकं इतकं खाली उतरायचं की मुली गुडघ्यापर्यंत ढगात चालायच्या. गवत असं, की त्यावर बूट ठेवताना तिला चोरटं वाटे. आबांनी पाहिलं असतं तर चपला हातात घेतल्या असत्या. नाव माहीत नसलेल्या झाडांवर नाव माहीत नसलेली पाखरं. प्रत्येक देशाच्या तिघी. तिघींनी खेळायचं, पण ज्या दोघींचे फटके कमी, त्यांचेच देशाच्या नावावर धरायचे. तिसरीचे सोडून द्यायचे. एखादीचा दिवस वाईट गेला तर सगळ्यांचं नुकसान नको, म्हणून. नियम मायेचाच होता. फक्त रोजची तिसरी एकच निघाली.

बरोबरच्या दोघी, एक कलकत्त्याची, एक दिल्लीची, मनानं चांगल्या होत्या. “उद्या तुझी बारी,” म्हणून तिच्या हातात चॉकलेट ठेवायच्या. आणि शेवटच्या दिवशी ती बारी खरंच आली होती. हात हलका झाला होता. प्रत्येक फटक्याला कानात आबा होते. मग एका उंच गवतात तिनं बॉलमागं स्टिक टेकवली आणि बॉल जरासा हलला. पिकलं बोर देठावर हलावं, इतकाच. खेळात बॉल तेवढा हलला तरी एक फटका वाढतो. कुणी पाहिलं नाही. बेबानं हात वर केला, आणि स्वतःच्या नावावर एक फटका वाढवून घेतला. संध्याकाळी फळ्यावर तेवढ्या एका फटक्यानं ती पुन्हा तिसरी होती.

महूच्या स्टेशनवर आबा उभे होते. “खेळनी का?”

“खेळनू, आबा.”

त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. पुढं काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी कर्नलची बदली झाली, मग आबाही नोकरीतून सुटून सोनगीरला आले. किल्ल्याखालच्या उतारावर श्रावणात हिरवळ दाटते, तेव्हा बेबाला वाटायचं, इथून मारला तर बॉल त्या बुरुजापाशी उतरेल. पण मारला कधी नाही.

“खरं शे तुन्हं,” तानुबाई चिंधाला म्हणत होती. तिचा आवाज मवाळ झाला होता. “एवढा मोठा देशनी पोरले मोजं, तं मी कोन नही म्हननारी? कानबाई बी बाईच शे. समजी लेई ती.” तिनं निवडलेल्या गव्हाची टोपली आणि रिकामं सूप आबांपुढं सरकवलं. “टाका मंग. पन गावमां बोंबलू नका, नही तं उद्या घरोघर पोरी रुसतीन.”

चिंधा जिंकल्यासारखा हसला. आबांनी हात पुढं केला. मातीत मुरलेला, रुंद हात. त्यांनी आपली मूठ टाकली, चिंधाची टाकली, चिंधाच्या दोन्ही पोरांची टाकली. मग ते जरा थांबले, आणि गव्हात हात पुन्हा खोल घातला.

बेबाला वाटलं, आता मान खाली घालावी आणि दाण्यांचा आवाज तेवढा ऐकावा. एवढंच तर मागितलं होतं. मूठ पडली की ती या घरात कायमची मोजली जाईल. मग अमळनेर काय आणि कुठलं काय.

आबांची मूठ भरून वर आली.

“आबा, थांबा.”

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“देशनी मन्हा फटका कधीच नही धरात. एक दिन बी नही. मी तिसरी व्हतू. तिसरीना सोडी देतस.” ती चिंधाकडे वळली. “भाऊ, तू सांगत गया, मी गप राहिनू. त्या वाक्यावर मूठ नको माले.”

चिंधाचं हसू तसंच ओठांवर राहिलं, कुणाचं तरी विसरलेलं असावं तसं. तानुबाईनं सुपाची कड धरली. आता ती ते मागं ओढणार, हे बेबाला दिसलं. पण ओढलं नाही, कारण आबांची मूठ अजून सुपावर होती. भरलेली. बोटांच्या फटीतून एक दाणा निसटला.

“माले माहीत शे,” आबा म्हणाले.

ते गव्हाकडे बघत होते.

“मेमसाबनी त्याच साले सांगं व्हतं. तिसरी राहिनी ते बी, आनि तू हात वर करा ते बी. तवयथीन मी वाट देखी राहिंतू, मन्ही पोर माले कवय सांगी.” त्यांनी मूठ आणखी घट्ट केली. “मीच इचारी लेतू, पन हिय्या नही व्हयना. सरक वो वहिनी. ही मूठ मी मलायावर नही टाकी राहिनू.”

तानुबाईनं सुपाची कड सोडली.

“ही मन्ही बेबानी शे.”