पायरीवर बसल्यावर दिसणारा पत्ता

सकाळपासून थोरलीचं डोकं फिरलेलं होतं, आणि त्यात मामा येऊन बसला.

"विकून टाक," मामा म्हणाला. दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसून तो दुकानातलाच पेपर वाचत होता. "नाव म्हणजे हवा. ना तू ते कापलंस, ना कानशीने घासलंस. हवेचे कुणी पैसे देत असेल तर घे आणि मोकळी हो."

मामाने आयुष्यात एकच वस्तू विकली होती, स्वतःची स्कूटर, आणि महिनाभराने तीच चढ्या भावाने परत आणली होती. पण सल्ला द्यायला काय जातं.

दुकान चावीवाल्याचं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पोट आत घ्यायचं, एवढंसं. तिन्ही भिंतींवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या, काउंटरवर चावी कापायचं जुनं मशीन, आणि मशीनशेजारी छातीला भोक पडलेलं एक कुलूप. ते गेल्या महिन्यात एक बाई पिशवीत घालून घेऊन आली होती. ती घराबाहेर अडकली, तिने फोन केला, नारिंगी जॅकेट घातलेले दोघं आले, काही न बघता ड्रिल मारलं आणि वर नवं कुलूप गळ्यात मारलं. बाबांनी ते कुलूप हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे दोन मिनिटांत उघडलं असतं." तेव्हापासून ते तिथेच पडून होतं.

आणि ज्या नावावरून सगळं चाललं होतं ते म्हणजे दारउघडा डॉट कॉम.

नऊ वर्षांपूर्वी थोरलीने शाळेला रामराम ठोकला आणि दुकानात येऊन बसली. पहिल्याच आठवड्यात तिने हे नाव घेऊन ठेवलं, अगदी स्वस्तात. वेबसाइट म्हणजे एकच पान: दुकानाचा फोन नंबर आणि खाली बाबांचं वाक्य, "घाबरू नका, येतो." बाबांना त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी नावाचे स्टिकर छापून घेतले, आणि त्यानंतर जिथे जिथे कुलूप बसवलं तिथे तिथे दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूने, गुडघ्याच्या जरा वर एक स्टिकर लावला.

"एवढा खाली कशाला?" थोरलीने तेव्हा विचारलं होतं. "कुत्र्यांनी वाचायला?"

"अडकलेला माणूस आधी दार ढकलतो," बाबा म्हणाले होते. "मग शिव्या देतो, मग खिसे चाचपतो. आणि मग पायरीवर बसतो. बसल्यावर डोळ्यांसमोर येतं ते वाचतो."

स्टिकरच्या रिळाला पाचशे स्टिकर. संपलेल्या रिळांच्या सात पुठ्ठ्याच्या नळ्या फळीवर अजून होत्या. बाबा काही फेकत नाहीत.

पाच दिवसांपूर्वी एका दलालाचा मेल आला. त्याच्या गिऱ्हाइकाला हे नाव हवं होतं. रक्कम वाचून थोरलीला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. गाडीच्या चाव्यांचं मशीन येईल आणि वर ते शिकायची फी सुटेल, एवढी. हल्ली गाड्यांच्या चावीत चिप असते, ती या जुन्या मशीनवर होत नाही. रोज दोन-तीन गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची. "गाडीची चावी होईल का?" "नाही हो." हे "नाही हो" म्हणून म्हणून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. आणि इकडे बाबांची बोटं बधिर होत चालली होती, कुलपाच्या आतली हालचाल त्यांना पूर्वीसारखी लागत नव्हती. ते बोलत नव्हते, पण तिला दिसत होतं. आज ना उद्या दुकान तिच्या एकटीवर येणार, आणि फक्त घराच्या चाव्यांवर ते चालणार नव्हतं.

दलालाने आज संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली होती.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना."

बाबांनी चावीवर फुंकर मारली, उजेडात धरली. "नाव तू घेतलंस. तुला योग्य वाटेल ते कर."

हे वाक्य ऐकलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नको म्हणाले असते तर भांडता आलं असतं. हो म्हणाले असते तर विषय संपला असता. हे म्हणजे पाण्यात ढकलायचं आणि काठावर उभं राहून म्हणायचं, पोह तुझ्या मनाने.

"मी तर सांगितलंच," मामा म्हणाला.

"मामा, तू चहा पिऊन ये."

"पैसे?"

तिने नुसतं बघितलं. मामा गेला. थोड्या वेळाने बाबाही पिशवी उचलून निघाले, एका शाळेतलं कपाट अडकलं होतं.

चार वाजता दलालाने करार पाठवला. सात पानं. थोरलीने शेगडीवर पाणी ठेवलं आणि मोबाइलवर वाचायला घेतलं. पहिली चार पानं नुसता भुसा. पाचव्या पानावर ती थांबली. पुन्हा वाचलं. विकणाऱ्याने दारांवर लावलेले स्टिकर काढायचे नाहीत, झाकायचे नाहीत, बदलायचे नाहीत.

तिने फोन लावला. "स्टिकरचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताई, गिऱ्हाईक चौकशी करूनच येतं," दलाल म्हणाला. आवाज असा, की पोळीला तूप लावतोय. "साडेतीन हजार दारं आहेत म्हणे तुमची. छान काम केलंय."

"नाव विकतेय मी. दारं नाही."

"नावं काय, छपन्न मिळतात. दारांमुळेच तर किंमत आहे. लोक त्या पत्त्यावर जातील, आमच्या गिऱ्हाइकाची माणसं पंधरा मिनिटांत हजर. नारिंगी जॅकेट बघितली असतील तुम्ही. सेवाच आहे ना तीही."

थोरलीने भोक पडलेल्या कुलपाकडे बघितलं.

"असं करू," ती म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही म्हणून तिने काउंटरची कड घट्ट धरली. "मला सहा महिने द्या. मी सगळे स्टिकर बदलते, आमचा नवा पत्ता लावते. मग नाव खुशाल घ्या."

"मग दहावा हिस्सा मिळेल. तोसुद्धा मी शब्द टाकला तर."

"तुम्ही शब्द टाकू नका."

"रागावू नका, ताई. पाचपर्यंत विचार करा. असं गिऱ्हाईक परत दाराशी येत नाही."

फोन ठेवल्यावर तिला काहीतरी फोडावंसं वाटलं. दुकानात फोडण्यासारखं काहीच नव्हतं, सगळं लोखंड. राग नेमका कुणावर, तेही धड कळेना. दलालावर, बाबांवर, की गुडघ्याएवढ्या उंचीवर हौसेने चिकटवलेल्या त्या साडेतीन हजार कागदांवर. हवा खायला म्हणून ती बाहेर पडली आणि दार असं आपटलं, की खिळ्यांवरच्या चाव्या वाजल्या. पाठोपाठ लॅच बसल्याचा आवाज आला.

तिने दार ढकललं. मग एक शिवी दिली, बऱ्यापैकी मोठी. मग खिसे चाचपले, नुसता मोबाइल. चाव्या आत, अवजारं आत, आणि शेगडीवर पाणी.

पाणी आटलं की भांडं जळणार, आणि भांड्याच्या वर कप्प्यात जुने कागद आणि चिंध्या.

बाबांना फोन लावला. कामावर असले की ते फोन पिशवीतच ठेवतात. पुन्हा लावला. काचेतून आत वाफ दिसत होती. ती पायरीवर बसली, आणि समोर चौकटीवर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, उन्हाने पिवळा पडलेला पहिल्या रिळातला पहिला स्टिकर.

त्या क्षणी कुणी येऊन म्हणालं असतं, ड्रिल मारतो, तिप्पट दे, तर तिने हो म्हटलं असतं. कुलूप ओळखणारी थोरली, नऊ वर्षं हेच करणारी, तिनेसुद्धा.

"काय गं," समोरच्या लाँड्रीतून लाँड्रीवाली ओरडली, "कुलूपवालीच बाहेर?"

"मावशी, शर्टाच्या कॉलरखाली घालता ती प्लॅस्टिकची पट्टी आहे का? रुंद. लवकर द्या."

"आता पट्टी कशाला?"

"आधी द्या हो, मग विचारा."

पट्टी आली. थोरलीने ती दाराच्या फटीत सरकवली, खांद्याने दार दाबलं, पट्टी खाली ओढली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लॅच मागे सरकलं. आत जाऊन शेगडी बंद केली. भांड्याच्या तळाशी बोटभर पाणी उरलं होतं.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"मग, ताई? पाठवताय ना सही करून?"

"नाही."

"रक्कम थोडी वाढवून मागू का?"

तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर ते गाडीच्या चाव्यांचं मशीन आलं. नवं, काळं, कोपऱ्यात मामाच्या स्टुलाच्या जागी ठेवलेलं. मामाही त्यामुळे कमी आला असता.

"नको," ती म्हणाली आणि फोन बंद केला. बरं वगैरे काही वाटलं नाही. तोंड कडू झालं, एवढंच.

बाबा सहाला आले. पिशवी ठेवली, तिच्याकडे बघितलं.

"दलालाला नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

"हं."

"हं काय, बाबा? मशीन गेलं माझं. सगळी दारं त्या नारिंगीवाल्यांच्या घशात जाणार होती, म्हणून. आता म्हणा परत, योग्य वाटेल ते कर."

बाबा दाराशी गेले, लॅचवर बोट फिरवलं, चौकटीला पडलेला ओरखडा बघितला. मग काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीकडे बघितलं.

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं. तीन असतील."

"हे लॅच बदलायला हवं," ते म्हणाले. "आणि मी विचारून बघतो. ते मशीन जुनं कुठे मिळतं का. दोघं शिकू."

"तुमच्या बोटांना जमेल?"

"तुझ्या बोटांना जमेल. मी बघत बसेन."

ती उत्तर देणार होती, जरा तिखटच. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला, हातात तुटलेली चावी.

"गाडीची होईल का?"

थोरलीने दात आवळले.

"नाही हो," ती म्हणाली. "अजून नाही."