आमटीचा वास

शिंप्याची बायको गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. स्वयंपाक तिच्यासारखाच व्हावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पुरण वाटून झालं होतं आणि डाळीच्या पाण्याची आमटी गॅसवर उकळत होती, पण सून पळी हातात घेऊन घुटमळत होती.

"बाबा, मीठ घातलं की नाही तेच आठवेना. जरा चाखू का?"

"नैवेद्याच्या आधी नको गं. तिनं कधी जिभेला लावलं नाही."

"मग आईंना कसं कळायचं?"

शिंप्याची नजर आपल्या शिलाई मशीनकडे गेली. दरवर्षी आमटी उकळली की बायको पळी घेऊन त्याच्या मशीनपाशी यायची. "देवानं एवढं लांब नाक दिलंय, घराच्या कामी तरी येऊ द्या," म्हणत पळी नाकाशी धरायची. तो वास घेऊन मीठ कमी की बरोबर ते सांगायचा आणि ती हसत परत जायची. ती आपली थट्टा करते, मीठ तिचं तिलाच कळतं, असंच त्याला वाटायचं.

"आण इकडे," तो म्हणाला. डोळे मिटून त्यानं वास घेतला. "अळणी आहे."

सुनेनं मीठ घातलं. उकळी आल्यावर पळी पुन्हा नाकाशी आली.

"अजून चिमूटभर."

नैवेद्य दाखवून सगळे जेवायला बसले. सुनेनं धास्तावूनच पहिला भुरका मारला.

"बाबा, मीठ अगदी बरोबर झालंय!"

त्यानंही चाखलं.

"म्हणजे ती खरंच विचारत होती," तो पुटपुटला आणि त्यानं वाटी पुढे केली. "वाढ आणखी."