काळ्या खडकाजवळची फुंकर

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या खडकापाशी बंद पडलेली बोट वल्ही मारत परत आणली होती आणि दोरेवाले महाराज तीत उतरले होते. डोळे मिटून त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत एक लांब फुंकर मारली, झाकण बसवलं आणि म्हणाले, "ओढ." बोटवाल्याने दोरी ओढताच मोटर गुरगुरली. लोकांनी हात जोडले.

"खडकाखाली बुडालेला जीव आहे," महाराज सांगू लागले. "तो यंत्राची ताकद पितो. यंत्राला आत्मा नाही, म्हणून आत्म्यापुढे त्याचं चालत नाही." म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. ऐकायला भारी वाटलं, तेवढं पुरे होतं.

गर्दीच्या मागे पाण्याचे पंप दुरुस्त करणारी बाई उभी होती. तिच्या सासऱ्यांचीही बोट होती आणि आठ दिवसांपूर्वी महाराजांनी इतर बोटींसारखाच तिच्याही टाकीच्या झाकणाला लाल दोरा गुंडाळून वर मेणाचा जाड शिक्का मारला होता. संरक्षण म्हणून. "मामा, एकदा मोटर बघू का?" बोटी बंद पडू लागल्या तेव्हा तिने सासऱ्यांना विचारलं होतं. "यात तुझं काम नाही, सूनबाई," एवढंच उत्तर मिळालं.

दोन दिवसांनी दुपारी सासूबाईंच्या छातीत कळ आली. दवाखाना पलीकडच्या काठावर. तिने आणि सासऱ्यांनी त्यांना उचलून बोटीत निजवलं. वारा वाढला होता, पाण्याची ओढ खडकाकडे होती. पाव तास मोटर झकास चालली. मग तिचा आवाज बसत गेला. सासऱ्यांनी वेगाची मूठ पुरती पिळली, तरी बोट रेंगाळली आणि खडक समोर दिसत असतानाच मोटर गप्प झाली.

सासऱ्यांनी मूठ सोडली आणि हात जोडले. "महाराजांना फोन लाव."

ती वाकून टाकीपासून मोटरपर्यंतची नळी चाचपत होती. मधला, पेट्रोल चढवायला दाबतात तो रबरी फुगा पार चपटा झाला होता. पंपाच्या नळ्या अशा चपट्या झालेल्या तिने कितीदा पाहिल्या होत्या. आत हवा शिरायला वाट नसली की असंच होतं. तिने झाकणाला हात घातला, तोच सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

"दोरा तोडू नकोस. तुझ्या सासूच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तोडतेय, मामा."

त्यांनी बायकोच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. पकड सैल झाली.

दोरा तोडून तिने झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीने हवा ओढली. केसातल्या पिनेने तिने मेण खरवडलं, तर खाली हवेसाठी ठेवलेलं बारीक भोक निघालं. झाकण बसवून तिने फुगा दाबत टणक केला आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा. खडकावर फुटणाऱ्या लाटेचं पाणी अंगावर आलं. तिसऱ्यांदा मोटर सुरू झाली आणि सासऱ्यांनी बोट वळवली.

सासूबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर ते झाकण घेऊन उभी राहिली.

"पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा शिरावी लागते. भोक बुजवलं की पेट्रोल नळीत येईनासं होतं. आतल्या हवेवर मोटर पाव तास चालते, आणि पाव तासात आपण खडकापाशी असतो. ताकद फुंकरीत नाही, झाकण उघडण्यात आहे. दोरे बांधण्याआधी एक तरी बोट तिथे थांबली होती का?"

महाराज हसले. "पोरीला पंप कळतात, परलोक नाही."

"खरंय," ती म्हणाली. "मग तुमची स्वतःची बोट कधीच का थांबत नाही? तिचं झाकण दाखवा."

बोटवाले स्वतःच महाराजांच्या बोटीत उतरले. दोरा होता. मेण नव्हतं.

"माझ्यावर त्या जिवाची कृपा आहे," महाराज म्हणाले, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. जो तो आपापल्या टाकीकडे वळला होता.

"माझ्या शब्दावरही जाऊ नका," ती म्हणाली. "एक बोट मेणासकट न्या, एक मेण काढून. काय होतं ते बघा."

मेण काढलेली बोट सासऱ्यांनी नेली. खडकाला तीन वळसे घालून ते परतले, तेव्हा मेणवाली बोट वल्ह्यांवर येत होती. धक्क्यावर चढून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"इतके दिवस मी हात जोडत होतो," ते म्हणाले. "झाकण एकदाही बघितलं नाही. तुम्ही बघत जा."