वाटेतली घट

बापाचा, सोनाजीचा दहावा उरकून आवडा पुंडलिकनगरातल्या खोलीवर परतली. टेबलावर तिनंच मांडलेलं गणित पडून होतं. एका कुरणावर चरणारी हरणं, त्याच कुरणावर दरसाल येणाऱ्या मेंढ्या. मेंढ्यांना कुरण बंद केलं तर वीस वर्षांत दोघांचं काय होईल? हरणं वाढतील, मेंढ्या जायकवाडीच्या काठाला सरकतील, नुकसान कुणाचंच नाही. या उत्तरावर वनखात्यानं कुरणाला कुंपण घातलं होतं.

मेंढरं राखून पोरीला गणितात डॉक्टर केलेल्या सोनाजीनं तेव्हा तो कागद हातात घेऊन विचारलं होतं, "आवडे, वाटंत मेलेली कुठं धरलीस?"

"वाटेत काही होत नाही असं धरलंय, आबा. गणित सोपं होतं."

"सोपंच हुईल की. चालायचं आमाला हाय."

कुंपणामुळं कळप पैठणच्या डांबरी रस्त्यानं वळवावा लागला. ट्रकखाली एकतीस मेंढ्या गेल्या, आणि त्यांना हाकायला धावलेला सोनाजी.

आता बंदी वाढवायची म्हणून खात्यानं तिच्याकडंच फेरअहवाल मागितला. दिवाळीनंतर भाऊ सांडू कळप घेऊन निघणार होता; त्याआधी कुरण उघडायला हवं होतं. आवडानं समीकरणात नवं पद घातलं, वाटेतली घट. तिचा दर बापाच्या काठ्यांवरून काढला. वाटेत मेंढी गेली की सोनाजी काठीला खाच पाडायचा, दरसालची काठी वेगळी. शेवटच्या काठीवर त्या दिवसाच्या खाचा नव्हत्या. त्या एकतीस तिनं स्वतःच धरल्या.

खात्याच्या साहेबांनी आलेख पाहिला. मेंढ्यांची रेघ पार खाली गेली होती. हरणांची पहिल्यापेक्षा वर.

"वा, मॅडम! हे तर आणखी ठाम झालं. मेंढ्या घटल्या की काठावरचा चाराही हरणांना."

"त्या वाटेत मरताहेत, साहेब. माणसंही."

"माणसांचं पद कुठंय यात?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

नव्हतं. बापाला तिनं दुसऱ्यांदा वगळलं होतं.

संध्याकाळी आईचा, बानाबाईचा फोन आला.

"उघडलं का गं कुरण?"

"नाय, माय."

"मंग? गणित चुकलं व्हय तुजं?"

"नाय. बरोबर आलं."

पलीकडून बानाबाईनं मेंढरांना हाळी दिल्याचं ऐकू आलं.

"बरं. सांडूला सांगते, रस्त्यानंच जा म्हनून."