गोष्टीत मेलेली आई

दार उघडलं ते मेलेल्या बाईनं.

तिच्या ओठांत टाचण्या होत्या, गळ्यात मोजपट्टी होती आणि हातात कुणाच्या तरी झग्याची एक बाही. टाचण्या काढून तिनं तळहातावर घेतल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शिवायला द्यायचंय का काही? या महिन्यात नाही हं जमणार, आधीच सांगते."

"नाही, मी शाळेतून आलेय. तुमच्या... म्हणजे, तुम्ही तिच्या कोण?"

"आई. का हो? काय केलं तिनं?"

दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी सफरचंदं घेतली होती. त्यांचं काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी ती पिशवी तिच्याच हातात दिली आणि विचारलं, "तब्येत कशी आहे तुमची?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

आता हा प्रसंग माझ्यावर का आला, ते सांगायला हवं. मी भोचक आहे. हे मी नाही म्हणत, घरचे सगळे म्हणतात. लहानपणी शेजारच्यांकडे पाहुणा आला की तो कोण, कुठून आला आणि परत कधी जाणार, हे आमच्या घरात मला विचारायचे. मोठी झाल्यावर एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसले. तिथं दिवसभर लोक मला विचारायचे आणि मी सांगायची, म्हणजे सगळं उलटंच. पोट भरायचं, पण मन भरायचं नाही. शेवटी चाळिशीला टेकल्यावर नोकरी सोडून शिक्षिका होण्याच्या कॉलेजात नाव घातलं. आई म्हणाली, "बरं झालं. आता पगार घेऊन प्रश्न विचार."

सरावाच्या पाठांसाठी मला नववीचा एक वर्ग मिळाला. त्या वर्गाच्या मूळच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. मुलांकडून गोष्टी लिहून घ्यायच्या असं मी म्हणताच त्या हसल्या. "घ्या की. पण तुम्हाला आत्ताच सांगते काय येईल ते. निम्म्यांत भूत असेल, निम्म्यांत शेवटी जाग येईल आणि सगळ्यांच्या खाली तात्पर्य असेल."

त्या शाळेत गोष्टीखाली तात्पर्य लिहायचं आणि त्याला अधोरेखित करायचं, असा दंडकच होता. त्याला वेगळे गुण असत. मी वर्गात जाऊन जाहीर केलं की या वेळी तात्पर्य नको. मग पुढच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "पण बाई, मग गोष्ट संपली हे कळणार कसं?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी कुमारांसाठीच्या कादंबऱ्या वाचायला लागले, त्या कशा संपतात ते बघायला. माझ्या त्या वयात घरात वाचायला रद्दीचे कागद सोडून काही नव्हतं, त्यामुळे सगळंच नवं. पुस्तकं पुरवायची माझी भाची. "मावशी, ही माझ्या वयाची पुस्तकं आहेत," ती म्हणायची, "वाच, पण शाळेतल्या बायकांसारखं मला काय बोध झाला ते विचारू नकोस."

त्या पुस्तकांत एक गंमत माझ्या लक्षात आली. बहुतेकांत एक घुमं मूल असतं, त्याच्या पोटात कसलं तरी दुःख असतं, कुणाला पत्ता नसतो. आणि साधारण मध्यावर एक समंजस शिक्षिका येते. ती त्या मुलाचं काहीतरी लिहिलेलं वाचते, ओळखते, त्याच्या घरी जाते. मूल तिच्याजवळ रडतं आणि मोकळं होतं. मी आधी त्या मुलासाठी वाचत होते. नंतर नंतर मी त्या शिक्षिकेची वाट बघायला लागले, आणि ती आली की मला बरं वाटायचं. इथंच पाणी मुरत होतं.

गोष्टी आल्या. मोठ्या बाईंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहातलं भूत, राजवाडा सापडल्यावर आलेली जाग. काहींनी तर चोरून तात्पर्यही लिहिलं होतं, पेन्सिलीनं, अगदी बारीक.

आणि एक गोष्ट खिडकीजवळच्या मुलीची.

तिच्या गोष्टीतली मुलगी शिवणकाम करणाऱ्या बाईची. आई मरते. घरात लोकांची कापडं पडलेली असतात. मुलगी एकेक कापड ज्याचं त्याला परत करत सुटते. लोक दार अर्धंच उघडतात, कापड घेतात, कुणी म्हणतं, "अरेरे, लग्नाला घालायचा होता गं तो." शेवटी एक ड्रेस उरतो. कापून ठेवलेला, पण न शिवलेला. त्यावर नावाची चिठ्ठी नसते. कुणी मागायलाही येत नाही. एके दिवशी मुलगी मोजपट्टी घेऊन त्याची मापं घेते, खांदा, छाती, उंची. शेवटची ओळ एवढीच होती : ती मापं माझी होती.

मी ती गोष्ट वाचली आणि रडले. मग पुन्हा वाचली. ही मुलगी वर्गात तोंडातून ब्र काढत नाही, हे मला आठवलं. तिच्या गणवेशाच्या स्कर्टची दुमड एका बाजूला उसवलेली आणि तिथं सेफ्टी पिन लावलेली असायची, तेही आठवलं. मला वाटलं, झालं, सगळं जुळलं. असं कुणी मनानं रचतं का? मोठ्या बाईंना न विचारता मी हजेरीपटातून पत्ता उतरवून घेतला, सफरचंदं घेतली आणि निघाले. कादंबरीच्या बरोब्बर मध्यावर.

तर, आता दारात.

माझा आवाज ऐकून मुलगी आतून आली. तिनं मला बघितलं, आईच्या हातातली पिशवी बघितली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगी हुशार, तिला सगळं एका क्षणात कळलं.

"अहो, बोला की," आई म्हणाली. "काही वावगं केलं का हिनं?"

"नाही नाही! फार छान गोष्ट लिहिलीय. इतकी छान की मला वाटलं... खरीच आहे."

"कसली गोष्ट? बघू."

नाही म्हणायला हवं होतं. पण ती आई होती आणि तिनं हात पुढे केला होता. मी पर्समधून कागद काढून दिले. तिनं उंबऱ्यातच उभं राहून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, सावकाश. आत शिवणयंत्राच्या दिव्याखाली निळ्या कापडाचा ढीग पडला होता. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तशी नजर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "गोष्ट होती ती."

"हो गं, पण..."

"वर्गातल्या पोरांनी भूत लिहिलं, तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर भूत बघायला गेलात का?"

आईचं वाचून झालं. तिनं कागदांची नीट घडी घातली आणि मला परत दिली. "मला मारलंस होय गं," एवढंच ती म्हणाली. ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. मग ती आत जाऊन यंत्रावर बसली. मी जिना उतरेपर्यंत यंत्र काही सुरू झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी पुन्हा गोष्ट लिहायला दिली, या वेळी त्यांच्या पद्धतीनं. खिडकीजवळच्या मुलीनं लिहिली. एका मुलीची आई आजारी पडते. मुलगी तिची सेवा करते. आई बरी होते. तात्पर्य : आईवडिलांची सेवा करावी. पट्टीनं अधोरेखित केलेलं.

"बघा," मोठ्या बाई लाल पेन फिरवत म्हणाल्या, "किती सुधारली. तुमच्या त्या बिनतात्पर्याच्या नादानं पोरं वाहवत जातात."

मला रडू फुटायचं बाकी होतं. एक मुलगी काहीतरी रचत होती, मी तिच्या घरी जाऊन ते मोडून आले होते, आणि तिला त्याबद्दल दहापैकी नऊ गुण मिळाले होते. मी भाचीला सगळं सांगितलं. ती मांडीवरचं पुस्तक मिटून म्हणाली, "मावशी, तू तिच्याबद्दल सगळं विचारलंस. गोष्टीबद्दल काही विचारलंस का?"

खरंच की. मी, जगाची भोचक, आणि गोष्टीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

माझ्या पाठांचा शेवटचा दिवस आला. पुढच्या आठवड्यापासून मला लांबची दुसरी शाळा होती. मधल्या सुट्टीत ती एकटीच वर्गात होती, खिडकीशी. मी जाऊन तिचे कागद बाकावर ठेवले. त्यांवर मी लाल शाई लावली नव्हती.

"माफी मागायला आलात?" तिनं विचारलं.

"मागायचीच आहे. चुकलं माझं. पण त्याआधी एक विचारायचंय. राहवत नाहीये."

ती आक्रसली.

"तो ड्रेस कुठल्या रंगाचा होता?"

"कुठला ड्रेस?"

"कापून ठेवलेला. बाकी सगळ्या कापडांचे रंग लिहिलेत तू. त्याचा नाही लिहिलास."

तिनं कागद ओढून घेतले आणि शेवटच्या पानावर वाकली. बोटानं ओळी मोजल्यासारखं करत तिनं ते पान वाचलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती, पण माझ्यावरची नव्हे, कामाची.

"मुद्दाम नाही लिहिला," ती म्हणाली. "पुढे येतो."

"म्हणजे पुढे आहे?"

"आहे की. ती तो शिवायला बसते. तिला नीट येत नाही."

"मग? जमतं का तिला?"

"ते अजून लिहिलं नाही." मग म्हणाली, "आईपण रोज हेच विचारते. म्हणते, मला मारलंस ते मारलंस, निदान पोरीला उघडं नको ठेवू."

मी हसले. तीही हसली, अगदी थोडं. मला विचारायचं होतं की पुढचं कधी लिहिणार, मला कसं कळणार, कुणाच्या हाती पाठवशील का. घंटा झाली. ती कागद दप्तरात घालून उठली आणि मैदानाकडे पळाली.

तेव्हा मला दिसलं. तिच्या स्कर्टला सेफ्टी पिन नव्हती. दुमड शिवलेली होती, बारीक, एकसारख्या टाक्यांची, नव्या दोऱ्यानं.

ती कधी शिवली, आणि शिवताना त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या, हे विचारायला मी खिडकीतून हाकसुद्धा मारू शकले असते. तोंड उघडलंही होतं. मग मी ते मिटलं, फळा पुसला आणि सही करायला ऑफिसात गेले.