दोन इंजेक्शनं मी टाकून दिली

लॉजच्या जिन्यात पायरीपायरीवर माणसं बसली होती. समोरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचेच नातेवाईक आम्ही सगळे. वर सात नंबरच्या खोलीत हातवाले काका हाडांशी बोलायचे. लंगडत गेलेला एक ड्रायव्हर ताठ चालत उतरला, तेव्हा जिनाभर कुजबुज उठली, "हात लावला नुसता!"

मला धाकट्या भावाला रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी द्यायच्या होत्या. त्यासाठी पाच दिवस रोज एक इंजेक्शन मीच पोटात टोचून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी कंबर अशी ठणकली की रडू फुटलं.

काकांनी पाठीवर हात ठेवला. "हाड म्हणतंय, विष नको."

"माझं हाड तर नुसतं बोंबलतंय, काका."

"चेष्टा नको, बाई. हे पाणी घे. सुई बंद."

तासाभरात ठणका गेला. शाळेत विज्ञान शिकवणारी मी! पुढची दोन इंजेक्शनं कचऱ्यात टाकली आणि रुग्णालयाने दिलेल्या कार्डावर घेतल्याच्या खुणा केल्या.

पाचव्या दिवशी रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूळ पेशी हाडांतून रक्तात आल्याच नाहीत. ताई, खरं सांगा. तुमच्या भावाच्या हाडांतली मज्जा आम्ही औषधांनी आधीच रिकामी केलीय, जंतूंशी लढायला त्याच्याकडे आता काही नाही."

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"मज्जेत काही रोगप्रतिकारक पेशी पहारा देतात, मूळ पेशींना जागेवर धरून ठेवायला मदत करतात. इंजेक्शनने पहारा ढिला पडतो, मूळ पेशी रक्तात उतरतात. त्या धामधुमीत हाडं ठणकतात. तुम्ही थांबलात, पहारा परत बसला."

"आणि ते पाणी?" मी पर्समधून बाटली काढली.

त्यांनी ती उजेडात धरली. तळाशी अर्धवट विरघळलेली गोळी, मधली रेघ शाबूत. "वेदनाशामक दिसतंय. दुखण्यावर गोळी आम्हीही दिली असती. मागायची होतीत."

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. ते जादा दिवस भाऊ काचेपलीकडे तापाने फणफणत होता. नर्सला सांगायचा, "माझी ताई माझ्यासाठी केवढं सोसतेय बघा."

शेवटी पेशी मिळाल्या. तो वाचला, पुढे एकवीस वर्षं जगला. तो ताप कोणामुळे लांबला, हे त्याला सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

तुम्हाला सांगते. दुखणं थांबलं की हात जोडण्याआधी विचारा, का थांबलं? सोसवत नसेल तर औषध देणाऱ्यालाच सांगा. रस्ता ओलांडला की डॉक्टर होते. मी जिना चढले.